एकवीस एफ

दाबोळीहून पहाटे पाच पंचावन्नचं,
सगळ्यांत स्वस्त. एकोणीसशे नव्व्याण्णव,
पाणी विकत, गुडघे पुढच्या पाठीला.
रजेवर आहे मी. नखांतलं ग्रीस
दोनदा घासूनही गेलेलं नाही,
म्हणून हात मांडीखाली घेऊन बसलोय.

शेजारी पिएदाद बाय, चांदोरची,
सुनेच्या बाळंतपणाला हैदराबादला निघालेली.
मांडीवर दोदोलचा डबा, मनगटाला जपमाळ.
माझ्यावरून वाकून तिनं पंखाकडे बोट केलं :
"पुता, ती चंदेरी पट्टी...
विमान चिकटपट्टीनं जोडलंय?"

हसायला हवं होतं मी.
ती पट्टी नियमात आहे, बाय.
तिला नंबर आहे, पान आहे, मुदत आहे,
ॲल्युमिनियमची असते, वाऱ्याला पुरून उरते.
हे मला तोंडपाठ, आणि हे सगळं खरं.
फक्त लावण्याआधी तिथली खार
कुणी पुसली का, नीट, दोनदा,
हे पानावर येत नाही.
इथला वारा समुद्राचा. एका रात्रीत पत्र्यावर मीठ बसतं,
जीभ लावली तर कळतं.

बाबा जुवारीवर बार्जचं इंजिन बघायचे.
कानांत लाल खनिज, आंघोळीनंतरही.
म्हणायचे, मालकाला गंडवता येतं,
कप्तानाला तर रोजच.
नटाला नाही.

मे महिन्यातल्या एका रात्री
डाव्या चाकापाशी मला एक थेंब दिसला.
पुसला. फेरी मारून आलो. परत थेंब.
पंचवीस मिनिटांत विमान परत उडवायचं असतं,
त्यातली अकरा गेलेली.
फोनवरचा आवाज गोड होता, ओरडलं नाही कुणी.
"प्रियोळकर, मर्यादेत बसतंय ना? मग बसव की."
पेन माझ्या हातात होतं.
मी ते खिशाला लावलं.

चार तास. काचेआड एकशे ऐंशी माणसं.
एकानं काउंटरवर मूठ आपटली,
एकानं व्हिडिओ काढला,
लग्नाला निघालेली एक पोरगी
मेंदीचे हात वर धरून रडली.
स्वस्तातलं विमान, दुसरं काय होणार,
असंच म्हणत असतील.
खालून मला आवाज येत नव्हते, नुसती तोंडं.
त्यांचा माझ्यावर विश्वास नव्हता, असं नाही.
मी आहे, हेच त्यांना माहीत नव्हतं.

नंतर शिक्षा वगैरे झाली नाही.
रात्रपाळ्या वाढल्या, एवढंच.
आणि गास्पार, जो कधी बोलत नाही,
त्यानं डब्यातली अर्धी भाजी
माझ्या झाकणात वाढली.

ही पट्टी कुणी लावली, तेही ठाऊक आहे मला.
कंत्राटावरचा निहाल, पेडण्याचा,
परवा चौदावा तास चालू होता त्याचा.
मी म्हणालो होतो, आधी पुसून घे.
"हो दादा," म्हणाला.
ते "हो" ऐकून आलेलं होतं
की झोपेतून,
हे मी आता आठवतोय,
दारं बंद झाल्यावर.

"सांग मरे," पिएदाद बाय म्हणते,
"बघतं ना कुणी?"

"बघतं."
बोलताना हात मांडीखालून वर आले.
तिनं नखं पाहिली. बराच वेळ.
विचारलं काही नाही.
डबा उघडून दोदोलचा एक तुकडा
त्याच काळ्या बोटांत ठेवला.

धावपट्टी संपते, खाली बोगमाळोचा फेस,
जपमाळेचा एक मणी पुढे सरकतो.
तोंडात गूळ आणि नारळ,
आणि डोळा त्या पट्टीच्या मागच्या कोपऱ्यावर,
निदान
घाट ओलांडेपर्यंत.